दोन सीटचा साहेब

वाशीतल्या आमच्या वसाहतीत सगळे त्याला साहेब म्हणत. समोरासमोर मीही म्हणायची. इथे लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे; तेवढी मोकळीक आता वयाने मिळाली आहे.

मुंबईत कुठल्याशा सरकारी कचेरीत तो हेडक्लार्क होता आणि आमच्या समितीचा अध्यक्ष. ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं. मी नुकतीच रबाळ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागले होते. समितीने बौद्ध तीर्थांची यात्रा काढली; वडिलांना पाळीतून सुटी मिळेना, म्हणून आईबरोबर मी गेले. गया, कुशीनगर, सारनाथ, सगळं बसने. आईने जन्मात पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं होतं.

बस कोपरखैरण्याच्या एका माणसाची होती. नव्या शहरासाठी जमीन गेल्याच्या पैशातून त्याने ती घेतली होती आणि तोच ती चालवायचा. साहेबाने त्याच्याकडून ड्रायव्हरजवळ माइक बसवून घेतला. पुढची डावीकडची दोन्ही सीटं साहेबाची. एकावर तो, दुसऱ्यावर त्याची शाल आणि चामड्याची बॅग. त्याची बायको मागच्या रांगेत, मांडीवर त्याच्या औषधांची पिशवी घेऊन. तिला काही सांगायचं झालं तरी तो मान वळवत नसे. "वहिनींना म्हणावं गोळी द्या," असं पलीकडच्या सीटवर बसलेल्या समितीच्या सेक्रेटरीला सांगायचा. वहिनी म्हणजे त्याचीच बायको. बाकी सगळ्या बायका बसच्या शेपटाकडे, जिथे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात बसतो.

खाडीपूल ओलांडला तसा माइक सुरू झाला. "आपला देश खंडप्राय आहे," तो म्हणाला. हा शब्द त्याला कुठून सापडला होता कोण जाणे, पण नाशिक, जळगाव, नागपूर, जबलपूर, प्रत्येक ठिकाणी देश पुन्हा खंडप्राय झाला. रस्त्यावरच्या पाट्या तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवी. आम्हाला वाचता येत नाही असं त्याने धरलंच होतं.

गाडी थांबायची ती त्याला चहा हवा असला की. नागपूर सोडल्यावर आई दांड्यांना धरत धरत पुढे गेली.

"साहेब, थांबवा की हो जरा गाडी. बायांना उतरायचंय."

तो माइकवरूनच बोलला, म्हणजे सगळ्या बसला ऐकू जावं. "बाई, दौऱ्याला शिस्त असते. एकेकाच्या पोटासाठी थांबत बसलो तर गया पुढच्या वर्षी येईल."

पुढचे पुरुष हसले. सेक्रेटरी सगळ्यांत जास्त. आई मागे येऊन बसली आणि तिने पाणी पिणं बंद केलं. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही. असा आम्ही तो खंडप्राय देश ओलांडत होतो, कोरड्या घशाने.

कटनीच्या पुढे एका वाडीजवळ गाडीखालून मोठा आवाज आला आणि बस एका अंगाला कलली. ड्रायव्हर खाली शिरून बघून आला. "स्प्रिंगचा पाटा तुटलाय. नवीन आनावा लागंल."

साहेबाने घड्याळ पाहिलं. गयेला त्याचा सत्कार ठरला होता, हे तेव्हा कळलं. मागून येणारी एक जीप त्याने हात करून थांबवली. "मी पुढे जाऊन मेकॅनिक पाठवतो. कुणी घाबरू नका." शाल घेतली, बॅग घेतली, सेक्रेटरीला घेतलं. जीपमध्ये जागा होती, पण बायकोला घेतलं नाही. जाताना खिडकीशी येऊन औषधांची पिशवी तेवढी तिच्याकडून मागून घेतली.

मेकॅनिक आला नाही. ऊन चढलं, पाणी संपलं. मग आई, वहिनी आणि आम्ही काहीजणी भांडी घेऊन वाडीत गेलो. पिंपळाखाली विहीर होती. शेजारी खाटेवर एक म्हातारा काठी घेऊन बसला होता.

"कहाँ के हो?"

"बंबई," मी म्हटलं.

"बिरादरी?"

"बौद्ध हाव," आई मराठीतच म्हणाली.

त्याने तो शब्द कधी ऐकलेला नसावा. थोडा वेळ तो आमच्या तोंडांकडे, पातळांकडे, भांड्यांकडे पाहत राहिला. मग त्याला जे कळायचं ते बरोबर कळलं. त्याने काठीने वाडीच्या पलीकडे दाखवलं. "तुम लोगों का उधर है." उधर एक डबकं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. तो हे रागाने बोलला नाही. पोस्ट ऑफिस कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं. मला त्या माणसाची किळस आली.

आई कळशी घेऊन तशीच उभी राहिली. वहिनी पुढे झाल्या. त्यांनी आईच्या हातातली कळशी काढून घेतली, विहिरीवरचा दोर कळशीच्या गळ्याला बांधला आणि ती आत सोडली. म्हातारा काठी उगारून उठला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मार," एवढंच म्हणाल्या, मराठीत, आणि दोर ओढत राहिल्या.

त्याने मारलं नाही. ओरडत वाडीत गेला आणि चार-पाच जणांना घेऊन आला. तोवर आमचा ड्रायव्हर चाकं खोलायची लोखंडी दांडी खांद्यावर टाकून विहिरीपाशी येऊन उभा होता.

"आमच्या बायका पानी भरतान," तो त्यांना आपल्या बोलीत म्हणाला. "भरून झाला का जातान."

भाषा त्यांना कळली नसेल, दांडी कळली. आम्ही सगळी भांडी भरली. तिथेच उभ्याने पाणी प्यालो, पोटभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर स्वतः ट्रकमध्ये बसून गेला आणि पाटा घेऊन आला. गयेला पोचलो तर साहेब विहाराच्या पायरीवर इस्त्रीच्या कपड्यात उभा. सत्कार आदल्या दिवशी उरकला होता.

"किती उशीर," तो म्हणाला. "मला इथे लोकांना तोंड दाखवणं कठीण झालं."

फोटोवाला थांबवून ठेवला होता. साहेबाने सेक्रेटरीमार्फत वहिनींना बोलावलं. "त्यांना सांगा, मी दमलेय," वहिनी सेक्रेटरीला म्हणाल्या आणि आईबरोबर झाडाखाली जाऊन बसल्या. आईने डोळे मिटले होते. मी तिला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

कुशीनगर झाल्यावर साहेब रेल्वेने परतला, कचेरीत महत्त्वाचं काम म्हणून.

महिन्याभराने वसाहतीत वृत्तान्त सांगायची सभा झाली. हारतुरे झाले, देश खंडप्राय झाला आणि मग विहिरीचा प्रसंग आला. त्याच्या सांगण्यात म्हाताऱ्याने काठी उगारली आणि साहेबाने स्वतः पुढे होऊन दोर हातात घेतला. टाळ्या पडल्या. बसमधले पुरुषही वाजवत होते. ते तिथे होते, त्यांनी सगळं खिडकीतून पाहिलं होतं.

आई उठली. "साहेब, तवा तुमी कुठं व्हता?"

"बसा बाई, प्रश्न नंतर."

आई बसली नाही, बाहेर गेली. तिच्यामागून वहिनी उठल्या, पहिल्या रांगेतून, सगळ्यांच्या देखत. मी गेले तेव्हा दोघी जिन्याच्या पायरीवर बसून वेरूळला एसटी कुठून मिळते ते बोलत होत्या. हिवाळ्यात त्या गेल्याही, दोघीच.

तो हल्ली करंजाड्याला मुलाकडे असतो असं कळतं. अजून भाषणं करतो. मला निमंत्रण येतं, मी जात नाही.