सोमवार, बुधवार, शुक्रवारची दाढी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, आधीच माफी मागतो. नववीतच शाळा सुटली, त्यामुळे मोठे शब्दही येत नाहीत. हिंगणीच्या बसस्टँडजवळ माझं कटिंगचं दुकान होतं. तिथले किस्से म्हणजे कापलेले केस. कितीही झाडा, संध्याकाळपर्यंत पुन्हा साचतात.

त्या वर्षी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं टीबीच्या गोळ्यांचा डबा माझ्या दुकानात ठेवला. पेशंटनं आठवड्यातून तीनदा यायचं आणि माझ्यासमोर गोळ्या गिळायच्या.

"मलेच काऊन?" मी विचारलं.

"तू कोनाशी बोलतच नाई. बोभाटा होनार नाई."

माझ्या लाजरेपणाचा सरकारला उपयोग झाला, तो एवढाच.

पेशंट एकच, देवरावकाका. त्यांनी पूर्वी एकदा औषध अर्धवट सोडलं होतं. सिस्टरनं मला बजावलं, "यावेळी सुटलं तर पुढं औषध लागू पडंल याचा भरोसा नाई. काकाले पोरीचं लगन पाह्यचं असंल तर आठ महिने पुरे करा लागतीन." कुणाला संशय नको म्हणून गोळ्यांनंतर मी काकांची दाढी करायची, असं ठरलं.

*

गोळ्या गिळल्यावर "तोंड उघडा" म्हणून तपासायचं होतं. गिऱ्हाइकाची मान मी हवी तशी वळवतो, पण हे दोन शब्द काही निघेनात. साबण लावताना काकांच्या गालात टणक लागलं.

"काका, गाल सुजला?"

"दाढ हाय."

मला वाईट वाटलं. तेवढी जागा मी अगदी हळुवार केली. दुपारी सिस्टरला दुकानाच्या मोरीत दोन गोळ्या सापडल्या.

"दाढ पडली वाटते," ती म्हणाली.

*

या गोळ्यांनी लघवी लाल होते, हेही काकांना सांगायचं होतं. बुजुर्ग माणसाला हे कसं सांगणार? मी चिठ्ठी लिहून आरशाला चिकटवली, 'लघवी लाल झाल्यास घाबरू नये.' काकांना वाचता येत नव्हतं. बाकी सगळ्या गावानं वाचलं. शाळेतले मास्तर अर्धी कटिंग सोडून उठले.

"कोनत्या तेलानं होते रे हे?"

*

मी गप्प राहिलो, पण दाढीनं बोभाटा केला. पूर्वी फक्त पोळ्याला आणि दिवाळीला दाढी करणारे काका आता एक दिवसाआड गुळगुळीत दिसायचे, आणि सिस्टरच्या चकरा माझ्या दुकानात. गावानं ताडलं. एका बुधवारी शाळेची तपासणी होती म्हणून मास्तर दाढी करून गेले, तर चहावाल्यानं त्यांना वेगळ्या कपात चहा दिला. मास्तर तसेच परत आले.

"मले काय झालं, ते मले तरी सांग."

तेव्हापासून काकांची दाढी जरा खराब करायची असं मी ठरवलं. त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागली नाही.

*

तिसऱ्या महिन्यात काका यायचे थांबले. रस्त्यात भेटले.

"भूक लागून राह्यली, खोकला नाई. बऱ्या मानसानं गोळ्या काऊन खायच्या?"

मला पटलं. मी "हो" म्हणालो. हे सिस्टरला सांगितलं, तेव्हा तिनं डबा उघडून उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग म्हणाली, "खांदा द्याले तूच जाजो मंग."

*

शनिवारी काका स्वतःहून आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोरीला पाहायला आर्वीचे पाहुणे येणार होते.

"आज चांगली कर बाप्पा. तुही नेहमीची नको."

मी डावी बाजू केली, वस्तरा पुसून ठेवला आणि डबा पुढं सरकवला.

"आधी गोळ्या."

आवाज इतका बारीक निघाला की दोनदा म्हणावं लागलं.

"आन् हा गाल?"

"गोळ्यांनंतर."

"तुह्या बापानं अशी हिंमत केली नसती."

काकांनी आरशात पाहिलं, मग माझ्याकडं. गळ्याभोवतीचा टॉवेल तोंडाला गुंडाळला आणि निघून गेले. टॉवेल माझा होता. गावात दुसरं कटिंगचं दुकान नव्हतं. हिंमत तेवढ्यावरच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान न उघडता वस्तरा, साबण आणि डबा पिशवीत घालून त्यांच्या घरी गेलो. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते, तोंडाला तोच टॉवेल. बाजूला पोरगी पाण्याचा गिलास घेऊन उभी. काकांनी टॉवेल सोडला, एकेक करून गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायलं आणि उजवा गाल माझ्यापुढं केला.

मी वस्तरा पिशवीतच ठेवला आणि म्हणालो, "तोंड उघडा."