फळीचं दुसरं टोक

पुस्तकांचं लांब कपाट कधी एकट्यानं दुरुस्त करून पाहिलंय तुम्ही? पुस्तकं एकटीला उतरवता येतात. धूळ एकटीला पुसता येते. पण माणसाच्या उंचीएवढी लांब फळी खिट्ट्यांवरून उचलायची म्हटली, की दुसऱ्या टोकाला कोणीतरी लागतं. मी एक टोक उचलायची आणि दुसरं निसटून खाली आदळायचं. त्या आवाजानं शेजारच्या देवळातली कबुतरं उडायची. माणूस मात्र एकही डोकावायचं नाही.

हे कपाट लाटंबार्से गावात, देवळाच्या अग्रशाळेतल्या, म्हणजे भाविकांना उतरायच्या ओवरीतल्या, टोकाच्या खोलीत आहे. खोली देवळाची, वाचनालय आमचं. आमचं म्हणजे आता माझं. आठवडाभर मी साखळीला नोकरीला जाते आणि रविवारी सकाळी ही खोली उघडते.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं ढिगानं. मराठी शाळा बंद करू नका, विहिरी आटताहेत त्याचा जाब द्या, खाणीचे ट्रक गावातून नेऊ नका. बाबा ती वाटून परत येत तेव्हा उरलेल्या गठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. बाबा आता नाहीत. पण त्यांच्यामुळे मला कुठलीही वस्तू नुसती वस्तू म्हणून दिसत नाही. ती कुठून आली, कोणी दिली आणि का दिली, हे मी आधी विचारते.

हे कपाट आलं एका खाणीच्या ऑफिसातून. खाण बंद पडली, ऑफिसातलं सामान वाटून टाकलं, आणि फायली ठेवायचं हे उघडं, लांबलचक कपाट आमच्या वाचन मंडळाला मिळालं. मंडळात तेव्हा आम्ही सहा-सातजण होतो. मी म्हटलं, ज्या धुळीनं आमची शेतं लाल केली, त्या धुळीच्या मालकाच्या फळ्यांवर आपण पुस्तकं ठेवायची?

माझी मैत्रीण म्हणाली, "आता फळ्यांचोय निषेध करतलंस गो?"

सगळे हसले. विरोधात मी एकटीच राहिले आणि कपाट आलं.

ती मैत्रीण लग्न होऊन पर्वरीला गेली. एकजण लंडनला गोदामात लागला. दोघे मोरजीच्या हॉटेलांत आहेत. सीझनमध्ये त्यांना सुट्टी नसते आणि सीझन संपला की नुसतं झोपायचं असतं. बाकीचे पणजीला. मी नको म्हटलेल्या कपाटाची राखण माझ्या वाट्याला आली.

फळ्या भुशाच्या दाबून केलेल्या. त्यांना आधार फक्त दोन टोकांच्या खिट्ट्यांचा, मध्ये काही नाही. त्यातून कोशांचे जाडजूड खंड आम्ही बरोबर मध्यभागी लावले होते, दारातून आत येणाऱ्याच्या नजरेत भरावेत म्हणून. पावसाळ्याची ओल त्या भुशात मुरत गेली आणि यंदा श्रावणापर्यंत मधली फळी पोट सुटल्यासारखी खाली आली.

ते आधी दिसलं देवळाच्या खजिनदारांना. सगळा गाव त्यांना काका म्हणतो.

"गो बाय, ह्यां कपाट कोणाच्या अंगार पडलां तर?" ते दारातूनच म्हणाले. "समिती ही खोली खुर्च्यांक मागता. खुर्च्यो तरी कोणाच्या अंगार पडणत नाय."

"खुर्च्यो वाचूंक येणत नाय, काका."

"पुस्तकां तरी कोण वाचता?"

चतुर्थीआधी समितीची बैठक होती. तिथे खोलीचा निर्णय व्हायचा होता. खोली गेली, की पुस्तकं पोत्यांत भरून कुणाच्या तरी माळ्यावर. वाळवीला आमंत्रणच.

मी मंडळाच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाकलेल्या फळीचा फोटो टाकला. रडणारे चेहरे आले, जोडलेले हात आले. लंडनहून उत्तर आलं, "गावाक आयलंय की करूया." त्यानंतर ग्रुप गप्प. माझा फोटो बरेच दिवस तिथे शेवटचा होता. उघडून बघायचं मी सोडून दिलं.

मग मी आमच्याकडचं माणूस करील तेच केलं. गणपतीवर आम्ही माटोळी बांधतो, म्हणजे लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, रानातली फळं लटकवतो. चौकट मध्ये वाकायला लागली की सुंभ वर नेऊन वाशाला बांधतात. ओझं दिसलं की आमचा हात आपोआप वर जातो. मी मधल्या फळीला सुंभाचा फास घातला आणि तो वरच्या फळीला आवळून बांधला. फळी उचलली गेली. त्या दिवशी कुलूप लावताना मी चक्क गुणगुणत होते.

पुढच्या रविवारी वरची फळीही वाकलेली होती. माटोळीचा भार वाशावर जातो आणि वाशाचा भिंतीवर, हे लहानपणापासून दरवर्षी बघूनही मी एका लेच्यापेच्या फळीचा भार दुसऱ्या लेच्यापेच्या फळीवर टाकला होता. आधार खालून द्यायला हवा होता, थेट जमिनीपासून.

मी सुताराकडून फणसाच्या लाकडाचे उभे तुकडे आणि लांब पट्ट्या कापून आणल्या. पुस्तकं उतरवून जमिनीवर मांडली आणि फळीशी झटापट सुरू केली. तेवढ्यात काका आले. सुंभ अजून लोंबत होतं.

"माटोळी बांधलंस काय गो? नारळ खंय?"

"काका, हसा मागीर. आधी त्या टोकाक धरा."

"माझां शर्ट धवां, दिसता मा?"

"दिसता. धरा."

त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सरकवल्या आणि धरलं. आम्ही फळी काढून उलटी केली, सुटलेलं पोट वर आणि पाठ खाली, म्हणजे आता वजन तिला सरळ करील. पुढच्या कडेला खालून पट्टी आडवी न ठेवता उभी बसवली आणि स्क्रूनं आवळली. तशी ती वाकत नाही. वरच्या फळीचंही तसंच केलं. मग मध्ये उभे आधार दिले, तळापासून प्रत्येक कप्प्यात एकावर एक अगदी सरळ रेषेत, की वरचं ओझं खालपर्यंत उतरत जाईल. मी स्क्रू पिळत असताना काका फळी खांद्यानं तोलून उभे होते.

"तुझो बापूस असोच होतो," ते म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्याक कामाक लावी."

मी स्क्रू पिळत राहिले.

कोशांचे खंड आम्ही टोकांना आणि मधल्या आधाराला चिकटून लावले, हलकी पुस्तकं मोकळ्या जागी. काका दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटून त्यांनी फळी पाहिली.

"सरळ झाली. बैठकेत सांगतंय मी. पण लोक इचारतले, थंय वाचूंक कोण येता? तेंका काय सांगू?"

शर्ट झटकत ते गेले आणि खोलीत पुन्हा फक्त पंख्याचा आवाज उरला. त्या वेळी मला कळलं, की मी जे आवळून सरळ केलं त्यावर खोली टिकणार नाही. नंतर बैठक झाली आणि समितीनं निर्णय पुढे ढकलला आहे. चतुर्थीआधीच्या शेवटच्या रविवारी समितीचे तिघे खोली बघायला येणार आहेत. फळ्या त्यांना ठीकच दिसतील. ते माणसं मोजायला येताहेत.

डिचोलीत असाल, साखळीत असाल, पेडण्याहून गाडी काढणं जमत असेल, तर त्या सकाळी या. मराठी की कोकणी, यावरून माझ्याशी भांडायचं असेल तरी या. कपाटातलं कुठलंही पुस्तक काढा, बाकावर बसा, आणि ते तिघे दारात येतील तेव्हा मान वर न करता वाचत राहा.