मंगळवार, शुक्रवार आणि चेअरमनची जीप

"घरून इथं यायला गाडी आहे का?"

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि लगेच हे विचारलं. आमच्या ह्यांना हसू आलं. म्हणाले, "साहेब, म्या ड्रायव्हरच हाय. संस्थेची जीप माझ्याच हातात असती."

डॉक्टर हसले नाहीत. "आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही. चक्कर कधी येईल सांगता येत नाही. तुम्हाला आणणारं दुसरं कुणीतरी बघा. आठवड्यातून दोनदा, न चुकता, कायमचं."

आजाराचं नाव क्रॉनिक रीनल फेल्युअर. म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू निकामी होत जाणं. आधी बरेच दिवस सकाळी ह्यांचं तोंड सुजायचं, संध्याकाळी पाय. जेवणावरची वासना गेली होती. आम्ही म्हटलं, जागरणं होतात, त्यानं असेल. ड्रायव्हरच्या घरात जागरणाचं कुणाला काय कौतुक? मग क्रिएटिनिन नावाची रक्ताची तपासणी झाली. रक्तात किती घाण साचलीय ते तिच्यात कळतं. तो कागद बघून डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

उपाय एकच होता, डायलिसिस. अंगातलं रक्त नळीनं बाहेर काढायचं, यंत्रातून गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. त्यासाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. त्याच्यावर बोट ठेवलं की आत घरघर जाणवते. हे म्हणायचे, "बघ, इंजन चालू हाय." असा माणूस होता. रडायच्या जागी हसायचा, आणि माझा जीव जळायचा.

सोलापुरात तेव्हा हे यंत्र नवंच आलं होतं. आमचं गाव तामलवाडीपासून आत, कच्च्या रस्त्याचं. वर्षं दुष्काळाची. गावात टँकर यायचा, बायका रोजगार हमीवर खडी फोडायला जायच्या. मी गावात बालवाडी चालवायचे. डॉक्टरांनी ह्यांना दिवसाला तांब्याभर पाणी ठरवून दिलं होतं, जास्त प्यालं की ते अंगात साठून छातीवर येतं म्हणून. गाव पाणी नाही म्हणून तहानलेलं, आणि आमच्या घरात हंडा भरलेला असून माणूस तहानलेला.

आम्हाला पाळी मिळाली मंगळवार आणि शुक्रवारची. आमच्या भागातल्या माणसाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दोन्ही देवीचे वार. सोलापूरहून तुळजापूरला जाणारी प्रत्येक एसटी त्या दिवशी दारापर्यंत भरलेली. आम्ही बौद्ध झालो, देव सोडले, त्याला तीस वर्षं होत आली होती, पण देवीची गर्दी आम्हाला सोडायला तयार नव्हती. डायलिसिस झालं की माणूस पिळून काढल्यासारखा होतो, उभा राहिला की डोळ्यापुढं अंधारी येते. अशा माणसाला दांडीला धरून उभं करायचं आणि तामलवाडीच्या फाट्यावर उतरवायचं. पुढं गावापर्यंत बैलगाडी मिळाली तर मिळाली. एकदा ते फाट्यावरच आडवे झाले. लोकांनी जवळ येऊन वास घेतला आणि "पिऊन पडलाय" म्हणून निघून गेले. आयुष्यात ज्यानं कधी थेंब घेतला नाही, तो माणूस.

हे कळल्यावर चेअरमन स्वतः घरी आले. ज्या सहकारी संस्थेची जीप हे चालवायचे, तिचे चेअरमन आमच्याच गावचे, मोठे बागायतदार. दारातूनच म्हणाले, "किसन, एसटीनं कशाला मरतूस? आपली जीप हाय की. तू लई सेवा केलीस तिची. आता ती तुझी करंल."

आमच्या घरात दिवाळी झाली म्हणा. ह्याच जीपमधून ह्यांनी गावातल्या किती बाळंतिणी सोलापूरला नेल्या होत्या, किती वरातींपुढं ती चालवली होती. आता मागच्या सीटवर बसायचे. नवा ड्रायव्हर गिअर टाकताना खरखर झाली की तोंड कडू करायचे, आणि वळण आलं की पायाखालच्या पत्र्यावर ब्रेक दाबायचे. मी म्हणायचे, "अहो, तो चालवतोय." ते म्हणायचे, "चालवतोय कुठं? मारतोय तिला."

सुरुवातीला जीप दारात यायची. मग "वेशीपर्यंत या" झालं. मग "संस्थेच्या हापिसात येऊन थांबा, चेअरमनसाहेबांचं काम झालं की निघू." कुणी नाही म्हणायचं नाही, हेच वाईट. तोंडावर नाही म्हटलं असतं तर आम्ही पहाटेची एसटी धरली असती. पण "येतीयच" म्हटलेल्या गाडीची वाट बघताना एसटीही जायची आणि यंत्राची वेळही. उशिरा पोचलं की डायलिसिस अर्ध्यात बंद करायचे, कारण पुढचा पेशंट दारात उभा असायचा. नर्स मला म्हणाली, "बाई, गाडीचं पक्कं करा, अर्धं गाळलेलं रक्त किती दिवस पुरणार?" मी काय पक्कं करणार? बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

तुमच्या घरात हा आजार आला तर माझं एवढं ऐका. औषधाआधी गाडीचं ठरवा. जी गाडी कुणाच्या मेहेरबानीवर येते, ती गाडी धरूच नका. एसटीनं धक्के खा, नाहीतर दवाखान्याजवळ एखादी खोली बघून तिथं राहा. मी खोलीचं बोलले होते. हे म्हणाले, "चेअरमननी शब्द दिलाय, आपण खोली केली तर त्यास्नी काय वाटंल?" मरणाच्या दारातला माणूस, आणि काळजी चेअरमनला काय वाटेल त्याची.

मार्गशीर्ष संपत आला. त्या मंगळवारी दुष्काळाची पाहणी करायला मोठे साहेब आले आणि जीप त्यांच्या मागं गेली. पाळी पूर्ण चुकली. दवाखान्यानं सांगितलं, आता शुक्रवारी काही झालं तरी या. शुक्रवारी नेमकी येळवस होती.

बाहेरच्या लोकांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळा अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतावर. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून तिच्यात लक्ष्मीची पूजा मांडायची, आणि ज्याला शेत नाही त्यालाही बोलावून जेवू घालायचं. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या, चिंच, त्या दिवसांत रानात जे असेल ते सगळं एकत्र शिजवायचं.

चेअरमनचा निरोप आला, "सकाळीच शेतावर या. पूजा झाली की जीप तिथनंच सोलापूरला सोडतो." आम्ही शेजाऱ्याच्या बैलगाडीतून शेतावर गेलो. जीप नव्हती. पाहुणे आणायला तुळजापूरला गेली होती.

ज्वारी गुडघ्याएवढीच होती, करपलेली. तरी कोपीपुढं जाजम अंथरलं होतं. ह्यांना चेअरमनच्या शेजारी, पंगतीत बसवलं. हे कळण्यासाठी आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. माझ्या सासऱ्यांना ह्याच शेतात येळवसला बोलवायचे, पण बांधाच्या पलीकडं बसवायचे. आंबील वरून त्यांच्या ओंजळीत ओतायचे. हे तेव्हा लहान होते, बापाच्या कोपरावरून आंबील गळताना त्यांनी बघितली होती. कधीतरी बोलता बोलता मला सांगितलं होतं.

आणि आता चेअरमनच्या आई, चांगल्या म्हाताऱ्या, स्वतः तांब्या घेऊन ह्यांच्यापुढं वाकल्या. "घे किसना. माझ्या हातची हाय."

मी बायकांतून उठून गेले. म्हटलं, "आजी, डॉक्टरांनी पातळ बंद केलंय त्यांचं. मीठही."

"अगं, लक्ष्मीचं हाय ह्ये. कशानं बाधत न्हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, हे मी आजही सांगते. दुष्काळात ताक कुठून कुठून गोळा करून त्यांनी ती आंबील केली होती.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत असं होतं की, आज मला अडवू नकोस. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्याले. मग भज्जी वाढली, तीही खाल्ली, परत मागून खाल्ली. कितीतरी महिन्यांनी त्यांना पोटभर जेवताना बघत होते. राग यावा की बरं वाटावं, मला कळेना.

जीप आली, त्यातून पाहुणे उतरले आणि ती परत दुसरे पाहुणे आणायला गेली. मी म्हटलं, बैलगाडीनं सडकेला जाऊ, ट्रक तरी मिळेल. हे म्हणाले, "थांब, चेअरमननी शब्द दिलाय. ह्येंच्या पंगतीतनं उठून ट्रकला हात करायचा व्हय?" ऊन डोक्यावरून कललं. ह्यांचे हातपाय जड पडायला लागले. जीभ जड झाली. तेव्हा कुठं चेअरमन घाबरले आणि आलेल्या जीपमधल्या पाहुण्यांना खाली उतरवलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा यंत्रावरची माणसं घरी गेली होती. डॉक्टर धावत आले. छातीला वायरी लावून हृदयाचा कागद काढला, त्याला ईसीजी म्हणतात. यंत्र चालवणाऱ्याला बोलवायला माणूस पाठवला. तो यायच्या आत सगळं संपलं.

नंतर डॉक्टरांनी मला बाजूला बसवलं. "पोटॅशियम," ते म्हणाले. रक्तातला एक क्षार. मूत्रपिंडं चालू असली की तो लघवीतून जातो, नसली की रक्तात साठतो आणि हृदय बंद पाडतो. "पाळी चुकली होती, तो वाढलाच असणार. आज काय खाल्लं त्यांनी? केळी? नारळपाणी? मी सांगितलं होतं ना?"

केळी आणि नारळपाणी आमच्याकडं दुष्काळात कोण बघतंय? ते त्यांनी कधीच तोंडात घातलं नव्हतं. मी म्हटलं, "आंबील प्याले. भज्जी खाल्ली."

डॉक्टर पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, "म्हणजे काय?"

मी सांगितलं. कशात काय काय घालतात, सगळं. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्या सगळ्यातच पोटॅशियम भरपूर असतं. आम्ही हे कधी विचारलंच नाही."

म्हणून सांगते, डॉक्टर जे नको म्हणतात त्याच्यावर थांबू नका. तुमच्या रानात जे पिकतं, सणाला जे शिजतं, ते त्यांना स्वतःहून उलगडून सांगा. त्या डॉक्टरांचे उपकार मी मानते. चूक मान्य करणारा त्या सगळ्या प्रकरणात तो एकच माणूस भेटला. आणि कुणी कितीही मानानं पुढं केलं तरी नाही म्हणा. माझ्या नवऱ्याला औषधाची शिस्त होती, तहानेची सवय झाली होती, सुईची भीती गेली होती. फक्त तो मान नाकारणं त्यांना जमलं नाही. त्यांना मी दोष देत नाही. आधी ज्यांनी बांधावर बसवलं, त्यांना देते.

गावात अजून म्हणतात, चेअरमननी किसनला शेवटपर्यंत अंतर दिलं नाही. मयत सकाळी मिळणार होतं. सकाळी जीप दवाखान्याच्या दारात हजर होती, मी बाहेर यायच्या आधीच. मागची सीट काढून, धुऊन, चादर अंथरलेली. कागदपत्रांना उशीर होत गेला. मला भीती, की आता ही निघून जाईल, मग ह्यांना नेऊ कशानं? मी तशीच पळत बाहेर आले आणि ड्रायव्हरला हात जोडले, जरा थांबा म्हणून.

तो खाली उतरला. मान खाली घालून म्हणाला, "सावकाश होऊ द्या वहिनी. चेअरमननी सांगितलंय, आज गाडीला दुसरं काम न्हाय."