बाळगोळीविरुद्ध सभा

घाटकोपरच्या आमच्या चाळीत दिवसा तान्ही पोरं रडत नसत. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला ते फार बरं वाटलं. मग कळलं की गिरणीत जाण्याआधी आया पोरांना बाळगोळी चाटवतात. गोळीत अफू. ती पोटात गेली की पोर संध्याकाळपर्यंत निपचित.

माझी मोठी जाऊ कुर्ल्याच्या गिरणीत जायची. तिची मुलगी दिवसभर सासूबाईंकडे. बसायच्या वयाची झाली तरी बसत नव्हती, हातपाय नुसत्या काड्या. मी शाळेत शिकवायचे, म्हणजे घरात मीही नसायचे. तरी एकदा न राहवून बोलले, "आई, ती गोळी बंद करा हो. पोरगी हातची जाईल."

सासूबाई मालवणकडच्या. गिरणीतल्या माणसांची खाणावळ चालवायच्या. भाकरी थापता थापताच म्हणाल्या, "पोरां मी वाढवलंय. माका शिकवू नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. युनिव्हर्सिटीत समाजसेवा शिकणाऱ्या मुली वस्त्यांमधून काम करतात असं शाळेत ऐकलं होतं. मी आमच्या महिला मंडळाच्या मागे लागून त्यांना बोलावणं धाडलं. त्या आल्या, सोबत त्यांच्या प्राध्यापक बाई. घरोघर गेल्या, घरोघर चहा प्यायल्या. ठरलं असं की मंडळाने खोली द्यायची, युनिव्हर्सिटीने मुली द्यायच्या, पाळणाघर काढायचं आणि आयांनी गोळी सोडायची. बायका लगेच हो म्हणाल्या. बाई मोटारीतून आल्या होत्या, नाही कोण म्हणणार?

रविवारी उद्‌घाटनाची सभा झाली. झाडून सगळ्या आया पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. बाई अफूच्या दुष्परिणामांवर पुष्कळ वेळ बोलल्या. एका पोराने हूं की चूं केलं नाही. बाई अगदी भारावल्या. "किती शांत मुलं आहेत हो तुमची!" म्हणाल्या. बायका लाजून हसल्या.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "पावण्यांसमोर बोंब नको, म्हणान आज जरा मोठी दिलंय."

मी सभेवरून नजर फिरवली. पाहुण्यांचा मान प्रत्येक घराने राखला होता. माझा असा संताप झाला की माईकसमोर जाऊन ओरडावंसं वाटलं; पण माईक नव्हता.

तेवढ्यात एका विद्यार्थिनीने कौतुकाने माझ्या पुतणीला उचललं आणि तिचा चेहरा उतरला. "हिचा श्वास बघा. अहो, ओठ निळे पडलेत!"

जाऊबाईंनी हंबरडा फोडला. भाषण तिथेच थांबलं. जाऊबाई, सासूबाई, मी आणि ती विद्यार्थिनी बाईंच्या मोटारीत कोंबलो गेलो. ती विद्यार्थिनी पोरीच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती आणि जाऊबाईंना सांगत होती, "चिमटे काढा, झोपू देऊ नका." जाऊबाई चिमटे काढत होत्या आणि स्वतःच रडत होत्या. पोरगी काही रडेना.

इस्पितळात तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. देवाधर्माचं मला फारसं काही नाही, पण त्या दिवशी येतील तेवढ्या सगळ्या देवांची नावं घेतली.

बऱ्याच वेळाने आतून बारीक रडणं ऐकू आलं. मग मोठं. जाऊबाई धावत आत गेल्या. मला इतकं भरून आलं की भिंतीला टेकून हमसाहमशी रडले.

प्राध्यापक बाई सासूबाईंजवळ वाकल्या. "वाचली हो आजी. चला ना आत."

सासूबाई उठल्या नाहीत. माझ्या नवऱ्याच्या आणि थोरल्या दिरांच्या मधे आणखी एक भाऊ होता, हे मला तेव्हा कळलं.

"माझो मधलो झील असोच निजललो," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणाले, गुणी पोर, जाताना कोणाक तरास दिल्यान नाय."