राहुकाळानंतर निघालेली गाडी

हाक मारली की बहुतेक माणसं नुसती नजर वळवतात. आमचे एक शेजारी मात्र खांद्यांसकट सगळेच्या सगळे वळायचे, समोरच्याला नीट बघून घ्यायचे आणि मग म्हणायचे, "बोला की ओ." कारखान्यात नव्याने आलेल्याला वाटायचं, साहेब फार शिष्ट आहेत. जुन्यांनाही तेच वाटायचं, फक्त ते तोंडावर बोलत नसत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या वागण्याला आपण परस्पर गर्व हे नाव देऊन मोकळे होतो. यांचे डोळे कडेकडेने मिटत चालले होते. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं दिसेनासं होत होतं, आणि अंधार पडला की जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. हे त्यांनी घरात किंवा दारात, कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी पन्नास सालानंतर साताऱ्याहून बंगळूरला आलो, तो विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात नकाशे काढायला. ते निपाणीकडचे, तिथे तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग भिंगाखाली धरायचा, त्यात केसाएवढी भेग आहे का बघायचं आणि शिक्का मारायचा, असं त्यांचं काम. आम्ही दोघं हलसुरात एकाच गल्लीत राहत होतो. मी सायकलवर घाईघाईने निघालो की त्यांच्या फाटकातून आवाज यायचा, "घाई कुणाला हाय ओ?" जेवणात सांबार आलं की तेही त्यांच्या तोंडातून सुटायचं नाही. "ह्या लोकांनी गूळ घालून डाळीची पार वाट लावलीया," असं म्हणत ते दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का बंगळूरच्याच, तीन-चार पिढ्यांपूर्वी इथे आलेल्या मराठी घराण्यातल्या. मराठी बोलायच्या, पण त्यात कानडी इतकी मिसळलेली की मला पहिलं वर्ष अर्धंच कळायचं. राहुकाळ हा त्यांचा फार मोठा विषय. रोज दीड तास अशुभ, आणि वाराप्रमाणे त्याची वेळ बदलते, हे मला त्यांनीच शिकवलं. आमच्या साताऱ्यात पंचांग बघायचं ते लग्नामुंजीपुरतं. इथे अक्का साधी केरसुणी आणायची तरी राहुकाळ टाळून आणत. मूलबाळ नव्हतं. नवऱ्याला जपणं एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि ते त्या घड्याळाकडे बघून करायच्या.

अशा घरात गाडी येणार असं कळलं तेव्हा गल्लीत हलकल्लोळ झाला. व्हाइटफील्डमधली एक अँग्लो-इंडियन विधवा बाई ऑस्ट्रेलियाला लेकीकडे कायमची निघाली होती. तिच्या नवऱ्याची चार दारांची, लांब नाकाची विलायती गाडी होती, शर्यतीत पळवतात त्या जातीची. नवऱ्याने ती उटीच्या घाटात, मद्रासच्या रस्त्यावर, कुठे कुठे हाकली होती. मैल मोजणारा आकडा एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झाला होता. "एवढी पळालेली गाडी घेऊन काय करणार?" मी विचारलं. ते सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "पळाल्याली हाय म्हणून तर घ्यायची. न पळाल्याली घेऊन काय करू?" चालण्यातसुद्धा घाई न करणाऱ्या माणसाला वेगवान गाडी का हवी, हे मला कळेना. म्हातारचळ, असा निकाल मी मनातल्या मनात देऊन टाकला.

डिसेंबरातला रविवार ठरला. मला सोबतीला नेलं. गाडी चालवता येत नाही हे मी सांगितलं, तर म्हणाले, "बोलता येतंय न्हवं? पुरे." त्यांनी तरुणपणी लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या होत्या, त्यामुळे मला काळजी नव्हती. निघताना अक्कांनी मला बाजूला घेतलं. "अण्णा, आज रविवार. साडेचार ते सहा राहुकाळ. त्या वेळात ह्यांना चाकावर बसू देऊ नका हं. माझी शपथ हाय. नवी गाडी, स्वल्प जपून." मग नवऱ्याकडूनही त्यांनी तसंच वचन घेतलं. ते हसून "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाले.

दुपारीच परत फिरायचं होतं. पण बाईने केक काढला, चहा काढला, नवऱ्याचे फोटो काढले. गाडीजवळ गेली की ती टपावर हात ठेवायची आणि पुन्हा एखादी गोष्ट सांगायची. तिला गाडी द्यायची नव्हती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. कुणाला मधेच तोडवेना. घड्याळात पाहिलं तर साडेचार वाजून गेले होते.

"जाऊ या," मी म्हणालो. "अक्कांना कोण सांगणार आहे?"

ते पश्चिमेकडे बघत उभे राहिले. ऊन उतरायला लागलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ती भीती होती, हे मला नंतर समजलं. "शपथ घातलीया ओ तिनं," ते म्हणाले. "माझा इस्वास न्हाई, पण तिचा हाय. मी खोटं बोललो तर तिला चेहऱ्यावरनं कळतंय." डोळ्यांचं ते एक लपवायला त्यांना किती कष्ट पडत असतील, याची मला कल्पना नव्हती. दुसरं खोटं त्या घरात त्यांना परवडणारं नव्हतं. आम्ही त्या बाईच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. उजेड कमी होत गेला, आणि मी मूर्खासारखा थंडीची तारीफ करत होतो.

सहा वाजून गेल्यावर, थोडा संधिप्रकाश उरला असताना निघालो. पहिला थोडा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. इंजिनाचा तो खोल, भरदार आवाज आला आणि गाडीने अशी झेप घेतली की मी सीटला चिकटलो. ते हसत होते. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. कृष्णराजपुरमच्या अलीकडे डावीकडच्या पायवाटेवरून एक सायकलवाला रस्त्यावर आला. मला तो केव्हाचा दिसत होता. मला वाटलं, यांनाही दिसतोय. मी ओरडलो तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. सायकलवाला चुकवण्याच्या नादात खड्ड्यात पडला, उठला, कानडीत आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सायकल ढकलत निघून गेला.

त्यांनी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर तसेच होते.

"मला दिसत न्हाई," ते म्हणाले. "बाजूचं कायबी न्हाई. आणि आता तर समोरचं बी न्हाई."

मी चिडलो. भीतीने माणूस चिडतो तसा चिडलो. मला काय मारायला आणलंत का, असंही बोललो. ते ऐकून घेत राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. मद्रासच्या डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की याला औषध नाही, हे कडेकडून मिटत मिटत एक दिवस मधोमध येऊन थांबेल. "म्हटलं, मिटायच्या आत एकदा जगाकडं वेगानं बघून घ्यावं. दिवसाउजेडी. साडेचारला निघालो असतो तरी बघितलं असतं ओ." माझा राग कुठे गेला कळलं नाही. त्या माणसाच्या आयुष्यातली एकच दुपार होती, आणि ती त्याच्यावर जीव टाकणाऱ्या बायकोनेच, त्याला जपता जपता, घालवली होती.

होसकोट्याकडून शहराच्या बाजाराला जाणाऱ्या भाजीच्या बैलगाड्या त्या वेळी रस्त्याला लागतात. त्यातली एक आमच्यापाशी थांबली. गाडीवानाला मी मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं की साहेबांना अंधारात दिसत नाही. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "नन्न हिंदे बन्नी, स्वामी," माझ्या मागे या, असं म्हणून तो बैलांना टिचकारत पुढे निघाला. बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असतो. समोरचा तेवढा एक ठिपका त्यांना दिसत होता. आमच्या गाडीचे दिवे म्हातारे आणि पिवळे, त्यांचा त्यांना काही उपयोग नव्हता. त्यांनी नजर कंदिलावर ठेवली आणि बाकीचं जग मी बोलून दाखवत राहिलो. डावीकडे झाड, उजवीकडे लॉरी, आता पूल. आज जिथे इंदिरानगर वसलंय तिथे तेव्हा नुसती शेतं होती. त्या शेतांमधून शर्यतीची ती गाडी पहिल्या गिअरमध्ये, बैलांच्या पावलाने, कोथिंबिरीच्या वासामागून हलसुरात शिरली.

फाटकाशी अक्का आरती आणि लिंबं घेऊन उभ्या होत्या. चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ ओवाळला. "राहुकाळ टाळला न्हवं?" त्यांनी विचारलं. "टाळला," ते म्हणाले, आणि मग दारातच, सगळ्या गल्लीसमोर, त्यांनी बायकोला डोळ्यांचं सांगून टाकलं. अक्कांच्या हातातली आरती कलंडली. ती सावरत त्या एवढंच म्हणाल्या, "मी वेळ सांभाळली, उजेड न्हाई सांभाळला."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः वरच्या साहेबांकडे गेले आणि तपासणीचं काम सोडलं. कारखान्यात अजून वर्षभर कुणाला कळलं नसतं, असं मी त्यांना म्हणालो होतो. ते म्हणाले, "सायकलवाला उठून शिव्या देत गेला, म्हणून बरं. पडल्यालं विमान उठत न्हाई ओ." त्यांना शिकाऊ मुलांच्या वर्गावर टाकलं. मान कमी झाला, पगारही वाढायचा थांबला. ज्यांनी त्यांना शिष्ट म्हटलं होतं ते आता बिचारा म्हणू लागले, आणि मला विचाराल तर हे जास्त वाईट होतं.

गाडी मात्र विकली नाही. अक्का गाडी शिकल्या. त्या काळी हलसुरात पदर खोचून एवढी मोठी गाडी हाकणारी बाई म्हणजे बघ्यांना पर्वणीच. ते डावीकडे बसायचे, इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि गिअर कधी बदलायचा ते सांगायचे. "थांब. आत्ता न्हाई. हां, बदल." अक्कांना इतर सगळं आलं, पण गिअर त्यांनी कधी आपल्या मनाने बदलला नाही. मी एकदा चिडवलं तर म्हणाल्या, "मला कशाला कळायला पाहिजे, अण्णा? हे हायेत की." पुढे नवऱ्याची नजर पूर्ण गेली, तरी रविवारी सकाळी दोघं फिरायला निघत. ते खिडकीबाहेर तोंड करून बसत, आणि अक्का त्यांना काय काय मागे पडतंय ते सांगत. वेग मात्र अक्कांनी कधी बैलगाडीपेक्षा फारसा वाढवला नाही.

सदुसष्टच्या सुमारास ते झोपेतच गेले. कावेरीत अस्थी सोडायला श्रीरंगपट्टणला जायचं होतं. लोक म्हणाले, टॅक्सी करू. अक्का ऐकेनात. त्यांनी स्वतः गाडी काढली. निपाणीहून आलेला पुतण्या डावीकडच्या सीटवर बसला, मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश घेऊन. मी मागे बसलो होतो. सपाटीला एकाच गिअरमध्ये ठीक चाललं होतं. रामनगरच्या पुढे चढ लागला आणि इंजिन जड झालं, मग कण्हायला लागलं. अक्कांचा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी मान किंचित डावीकडे कलती केली होती. पुतण्याला यातलं काही कळत नव्हतं, आणि गाडीचं मलाही काही येत नव्हतं. गाडीने दोन आचके दिले आणि ती चढावर बंद पडली. मागची लॉरी हॉर्न वाजवत राहिली. अक्का तो दांडा धरून, मान तशीच कलती ठेवून वाट बघत बसल्या होत्या.