व्याह्यांची मुकी गाडी

गाडी आपल्याशी बोलत नाही म्हणून तिच्याशी अबोला धरणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा आहे. बरं, अबोला धरायचा तर गाडी शेडमध्ये उभी करून ठेवावी. तसं नाही. रोज सकाळी आंघोळ, देवपूजा, मग तोंड फुगवून गाडीत बसायचं, कर्जतपर्यंत यायचं, माझ्या भिसेगावच्या फाटकाशी उतरायचं आणि म्हणायचं, "आजपण काय बोलली नाय, विहीणबाई." जसं काही घरात नवी सून आली आहे आणि तिने सासऱ्याला अजून तोंड उघडून चहा विचारलेला नाही. मी म्हणायचे, "तुम्ही तरी तिला काही विचारलंत का?" त्यावर उत्तर ठरलेलं. "पायानं रोज विचारतो."

कारण त्यांचा सगळा विश्वास तळपायावर. ऐन जवानीत साजगावच्या कारखान्यांचा माल भरून त्यांनी बोरघाटात ट्रक चढवले आणि उतरवले. पुढे स्वतःचे टेंपो केले, टेंपोंचे ट्रक झाले, पण मालक झाल्यावरही हा माणूस गल्ल्यावर बसला नाही, स्टेअरिंगवरच बसला. आणि चालवायचं ते अनवाणी. चप्पल घालून गाडी चालवणं म्हणजे त्यांच्या मते हातमोजे घालून वरणभात कालवणं. ब्रेकमध्ये किती जीव उरलाय, चाकाखाली वाळू आहे की ओलं डांबर, चढावर इंजिन दमलंय की नुसतं कुरकुरतंय, हे सगळं म्हणे तळव्याला कळायचं. "ट्रक बोलायचा आमच्याशी. शिव्या द्यायचा, पण बोलायचा." त्यामुळे गाडीत शिरताना, देवळाबाहेर काढतात तशा चपला काढायच्या आणि निघून जायचं. चपला तिथेच. भाजी बाजारात, खोपोलीच्या पेट्रोल पंपावर, लग्नाच्या हॉलबाहेर त्यांच्या चपला मालकाची वाट बघत बसलेल्या मी किती वेळा पाहिल्या आहेत. भर एप्रिलात, रस्त्यावर कुत्रंही पाय ठेवत नाही अशा दुपारी, व्याही गाडीतून उतरून अनवाणी रमतगमत माझ्या दारापर्यंत यायचे. मी ओरडायचे, "अहो, तळवे भाजतील!" "डायवरचा तळवा हाय, विहीणबाई," ते छाती काढून म्हणायचे, "त्याला काय होतंय?" आणि मी कौतुकाने मान डोलवायचे. त्या मान डोलवण्याची आठवण मला अजून सुखाने झोपू देत नाही.

ही गाडी त्यांच्याकडे आली ती माझी विहीण गेल्यानंतर. चाळीस-एक वर्षांचा संसार, त्यात ती बाई दिवसभर बोलायची. ती गेली आणि घरात फक्त पंख्याचा आवाज राहिला. माझी लेक आणि जावई घाटापलीकडे पुण्यात. जावयाने आग्रह करून ट्रक विकायला लावले. "बाबा, आता आराम करा," असं तो म्हणाला आणि आराम कसा करतात ते न सांगता पुण्याला निघून गेला. तेवढ्यात कर्जतकडच्या एका फार्महाउसवाल्याला आपल्या स्पोर्ट्स कारचा कंटाळा आला. ती त्याच्या गोठ्याशेजारी उभी असायची आणि तिच्यावर कोंबड्या बसायच्या. व्याह्यांनी ती पाहिली. पिवळीधमक, माझ्या कमरेला लागेल इतकीच उंच, आणि बसायला जेमतेम दोघांची जागा. या गाडीत घोड्यांची सबंध पलटण भरलेली आहे, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. एवढे घोडे असतील तर एखादा तरी बोलेल, असा त्यांनी हिशेब केला असावा.

त्या गाडीत माणूस बसत नाही, पडतो. मी तर आधी पाठमोरी होऊन देवाचं नाव घेते आणि स्वतःला सोडून देते. उतरताना एकाने हात ओढायचे, दुसऱ्याने हसू दाबायचं. इंजिन मागे आणि सामानाची जागा पुढे. त्या पुढच्या पेटीत माझी मेथी, दोन नारळ आणि कांद्याची पिशवी अशा थाटात प्रवास करायची की घरी आल्यावर तिला निवडायला संकोच वाटावा. गतिरोधक आला की गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवून, पोट घासणार नाही अशी न्यावी लागे. मागे रिक्षांची रांग, पुढे कोंबड्यांचा टेंपो, आणि मध्ये आम्ही दोघं, गरोदर बाईला जिना उतरवावा तसे गाडीला नेत. रिक्षावाले ओरडायचे, "काका, उडवा की आता!" काका काय उडवणार? कर्जत-खोपोली रस्त्याला खड्डा संपला की गतिरोधक आणि गतिरोधक संपला की म्हैस.

तिच्यात स्वभाव बदलायचं एक बटण आहे. एकदा फिरवलं की मवाळ, पुन्हा फिरवलं की तापट. असं बटण आमच्या ह्यांना असतं तर माझी निम्मी हयात वाचली असती. व्याह्यांनी ते दोन्हीकडे फिरवून बघितलं आणि जाहीर केलं, "सोंग हाय. राग आला तर खरा येवा." गिअर आपोआप पडतात. रस्त्याचा पट्टा ओलांडायला गेलं तर स्टेअरिंग आपणहून परत ओढतं. "ही गाडी नाय, लिफ्ट हाय. बटण दाबा, वर जावा." पण खरा घाव बसला तो आवाजाचा. आत जो गुरगुराट ऐकू येतो, त्यातला बराचसा स्पीकरमधून सोडलेला असतो, हे त्यांना सर्व्हिसवाल्याने सांगितलं. त्या दिवशी ते माझ्याकडे आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वाघ मेलाय विहीणबाई, टेप लावलीय."

एकदा आम्ही लेकीकडे पुण्याला गेलो. एक्स्प्रेस-वेला लागल्यावर मला वाटलं, आता तरी ही बया तोंड उघडेल. गाडी अशी निघाली की खिडकीतून दिसणारे डोंगर एकमेकांत मिसळले, आणि आत मात्र माझ्या मांडीवरच्या डब्यातलं ताकसुद्धा हललं नाही. व्याह्यांनी जांभई दिली. "हिला जाग येते तेवा पोलीस पण जागे होतात आणि यमपण," ते म्हणाले. "रोजच्या रस्त्याला ती झोपलेलीच. घाटात आमचा ट्रक वीसच्या वेगानं चढायचा, पण वीसच्या वीस जाणवायचे." मला हे पटलं. इतक्या ताकदीची वस्तू मेथी आणायला वापरली तर ती तुमच्याशी काय बोलणार, आणि कशाबद्दल?

पण एक गोष्ट होती. गाडी मुकी असली तरी चावरी होती. हलकेच ब्रेक लावायला जावं तर ती जागच्या जागी रुतायची. माझं कपाळ दोनदा पुढे आपटलं. थोडी पुढे घ्यायला जावं तर उसळी मारायची. पळसदरीजवळ एका सायकलवाल्याने शेतात उडी घेतली, म्हणून वाचला. व्याही घामाने थबथबले. "हिच्या पेडललाच अक्कल नाय," ते म्हणाले, आणि मीही तितक्याच जोरात गाडीला दोष दिला. मला तर या कामाचा अनुभवच आहे. तिशीत असताना मी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं होतं. त्यासाठी काळा चष्मा घेतला, साडीला शोभेल अशी पर्स घेतली, क्लच नावाची गोष्ट मात्र शेवटपर्यंत माझ्या ध्यानात आली नाही. तिसऱ्या का चौथ्या शिकवणीला मी गाडी सरळ पेंढ्याच्या उडवीत घातली आणि चष्म्यासकट पेंढ्यातून बाहेर आले. घरी येऊन सांगितलं, "गाडीत दोष होता." पुढे वीस वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला मी त्या गाडीचे दोष नव्याने सांगितले, दर वर्षी एखादा वाढायचा. तेव्हाची ती चष्मेवाली मला आता भेटली तर मी तिला दारात उभं करणार नाही. पण व्याह्यांच्या शेजारी कपाळ चोळत बसले होते ती तीच होती. गाडीत दोष आहे, हे वाक्य आम्हां दोघांनाही फार सोयीचं होतं.

सायकलवाल्याची बातमी पुण्याला पोचली. जावई आला आणि म्हणाला, "बाबा, आता चावी द्या." माझ्यासमोरच झालं हे. व्याही उठून उभे राहिले. "अरं, हा पाय बोरघाटात कदी चुकला नाय. ज्या दिवशी पाय नाय म्हणंल, त्या दिवशी चावी देईन. तुला नाय, विहीणबाईंच्या हातात देईन. त्या साक्षीदार." जावयाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बोलले ना ते? त्यांचा पाय खोटं बोलायचा नाही." जावई चावी न घेताच गेला. गाडी गेली तर या माणसाच्या सकाळला काय उरणार, हे त्यालाही दिसत होतं. आंघोळ, देवपूजा आणि पंखा.

मग थंडी पडली, वालाला शेंगा आल्या, आणि लेक-जावई पोपटी करायला आले. आमच्याकडे थंडीत हे असतंच: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, मसाला चोळलेली कोंबडी, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. सूर्य डोंगराआड जात होता. जाळ विझत आला होता, निखारे पसरले होते. व्याही गाडी बांधावर लावून, चपला घरीच विसरून, अनवाणी आले आणि मडक्यावर पाणी शिंपडून बघू लागले. पाणी चर्र वाजलं. मडकं काढलं. ते तिथेच उभे राहून जावयाला ऐकवू लागले, "मी काय म्हणतो, ताकद हाय, सगळं हाय, पण पायाला काय कळतच नाय रं! पाय पेडलवर हाय का हवेत, तेसुद्धा कळत नाय. असली कसली गाडी?"

लेक म्हणाली, "कोंबडी करपली वाटतं."

मडकं उघडलं तर कोंबडी छान झालेली. तरीही वास येत होता. मी खाली पाहिलं. व्याह्यांचा उजवा पाय निखाऱ्यावर होता आणि ते गाडीबद्दल बोलत होते.

मी किंचाळले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश खाली, आणि तो पाय दुसऱ्या कोणाचा असावा तसा बाजूला उचलून ठेवला. तोंडावर वेदना नव्हती. वेदना असती तर बघवलं असतं. जावई पाणी आणायला धावला, लेक रडायला लागली. व्याह्यांनी खिशात हात घातला, चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"पाय नाय म्हणाला नाय, विहीणबाई," ते म्हणाले. "पाय कायच म्हणाला नाय."

रक्तात साखर निघाली, आणि ती आजची नव्हती. पायांच्या नसा केव्हाच निजल्या आहेत, असं डॉक्टर म्हणाले. एप्रिलातलं ते डांबर, माझं कपाळ, तो सायकलवाला, सगळं मग ओळीने समोर येऊन बसलं. जखम भरेना. शेवटी अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. आता ते एक काळा, जाड बूट घालून ओट्यावर बसतात. बूट काढून कुठे विसरता येत नाही. तेवढ्यासाठी तरी तो मला आवडत नाही.

एवढं होऊनही माणूस हटवादी. "पाय गेला ते खरं," ते म्हणतात. "पण गाडी मुकी ते पण खरं. दोन्ही खरं." आयुष्यभर गाड्या ओळखल्या, तेवढी एक ओळख तरी चुकली नाही असं त्यांना वाटून घ्यायचं आहे. 

परवा मी तिकडे गेले होते. गाडीवर धूळ बसलेली, आणि बोनेटवर एक कोंबडी. मी म्हटलं, "बॅटरी उतरेल. जरा हलवायला हवी." ते म्हणाले, "चावी तुमच्याकडं हाय. हलवा." मी हसले. मग लक्षात आलं, तिला क्लच नाही. ज्या लिफ्टला ते नावं ठेवत होते, तिच्यात माझ्यासारखीलाही बसता येतं. मी पाठमोरी होऊन देवाचं नाव घेतलं आणि या वेळी उजव्या बाजूला पडले. व्याही बूट सावरत शेजारी येऊन बसले. "हलकं," एवढंच म्हणाले. बसण्यापूर्वी मी चपला बाहेर काढल्या होत्या. का, ते ठाऊक नाही. त्यांच्याबरोबर बसून सवय लागली असेल.

शेडपासून जांभळाच्या झाडापर्यंत, अंगणभर अंतर, माणूस चालतो त्याहून कमी वेगाने. आणि माझ्या तळव्याखाली काहीतरी जागं झालं. बारीक थरथर, टाचेतून पोटरीत चढणारी. चाकाखालचा एकेक खडा वेगळा, सुकलेली पानं वेगळी, ओल्या मातीचा पट्टा वेगळा. पेडल नुसतं टेकलं तरी गाडी हुंकार देत होती. या वयात पायाला गुदगुल्या झाल्या. वाटलं, पेंढ्याच्या उडवीतून आत्ता बाहेर आले.

"काय म्हणते?" व्याह्यांनी विचारलं.

मी समोर जांभळाकडे बघत राहिले. "छे हो," मी म्हटलं. "अगदी मुकी आहे."

ते पेडलवर मुडपून बसलेल्या माझ्या बोटांकडे बघत होते.

"मंग चपला घाला, विहीणबाई," ते हळूच म्हणाले. "मुक्या गाडीत अनवाणी कशाला बसायचं?"

मी चपला घातल्या नाहीत. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. मी गाडी उलटी घेतली, जांभळापासून शेडपर्यंत, जितकी सावकाश घेता येईल तितकी.