भरून ठेवलेली बॅग

९ नोव्हेंबर. आज सुनंदाची पिसांची स्लीपिंग बॅग मोकळी करायला घेतली. सुनंदा, माझी तीस वर्षांची ट्रेकमधली मैत्रीण, जूनमध्ये गेली. तिच्या मुलीला, रेवाला, पुढच्या आठवड्यात हिमालयात जायचंय. "मावशी, आईची बॅग चालेल का बघ ना," म्हणत तिने ती आणून दिली.

बॅग छोट्या पिशवीत गच्च कोंबलेली होती. मला खरंच वाटेना. घरी बॅग कोंबून ठेवली की पिसं दबून मरतात, हे सुनंदाच सगळ्यांना बजावायची. मी माझ्या सिंथेटिक बॅगेची घडी घातली की ओरडायची, "साडी आहे का ती? निघताना पायाकडून कोंब आणि घरी आल्यावर मोकळी टांग!"

"ही अशी कधीपासून आहे?" मी रेवाला विचारलं.

"वर्षभर. केमो सुरू झाली त्याच आठवड्यात आईने भरून ठेवली. म्हणाली, बरं वाटलं की लगेच निघता येईल."

बॅग गॅलरीत सावलीत पसरली, हलकेच झटकली, गुठळ्या बोटांनी सोडवल्या. संध्याकाळपर्यंत पायाकडची पिसं फुगली. छातीकडची चपटीच राहिली. आजारी माणसाला आपण सहज म्हणतो, बरी झालीस की जाऊ. मीही म्हणाले होते आणि विसरले होते. ती मात्र तयारी करून बसली होती.

१० नोव्हेंबर. सकाळी रेवाला माझी सिंथेटिक बॅग दिली. जड आहे, पण ऊब देईल. सुनंदाची बॅग पायाकडून कोंबत परत तिच्या पिशवीत भरली आणि दोरी ओढून घट्ट बांधली.